अनुभव धागा: महिन्याचं बजेट सांभाळून सकस जेवण, तुमचे हिशेब टाका

मुगागाठी
वाण्याची एक जुनी यादी हाती लागली. तेल 5 किलो, साखर 5 किलो आणि डाळी अर्धा अर्धा किलो! आजही बऱ्याच याद्या अशाच असतात, म्हणून हा धागा.

आठवडा भाजीवरून आखू नका, डाळ-कडधान्यावरून आखा. भाजी बाजारात भाव बघून ठरते. 60 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. 3 पोळ्यांतून (100 ग्रॅम कणीक) 10-11 ग्रॅम, भात 4-5, पातळ वरण नव्हे तर 30 ग्रॅम कोरडी डाळ 7, तेवढ्याच कडधान्याची उसळ 7, कपभर दूध 6, दोन चमचे कूट 5. उरलेलं अंड्यातून नाहीतर मूठभर चण्यांतून. चौघांना रोज 120 ग्रॅम डाळ धरली तर महिन्याला साडेतीन किलोच्या वर जाते. यादीत 2 किलो लिहिलं की वरणात पाणी वाढतं, दुसरं काय.

लोअरपरळ
तूर महाग झाली की 2 वाट्या तूर, 1 वाटी मसूर. पण तूर अर्धा तास आधी भिजवा आणि मसूर ऐनवेळी धुऊन घाला. नाहीतर मसुरीचं पाणी आणि तूर कच्ची. तेल चौघांना महिन्याला 2 लिटर पुरतं, फोडणीला पळी नाही चमचा घ्या.

काकडीची_कोशिंबीर
मोडांचं कुणीतरी नीट सांगा ना, पावसाळ्यात चिकट होतात 😭

मुगागाठी
@काकडीची ताई, ओल राहते म्हणून. मटकी 8 तास भिजवा, दोनदा धुवा आणि चाळणीत अर्धा तास निथळू द्या, थेंब पडायचा थांबेपर्यंत. मग फडक्यात सैल बांधा, घट्ट पुरचुंडी नको, आत हवा खेळली पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत 10-12 तासांत मोड येतात, त्यापुढे बाहेर ठेवलं तर वास येतो. एका वाटीच्या अडीच वाट्या होतात. फ्रिजात तीनेक दिवस टिकतात, पण डबा कोरडा हवा. कडव्या वालांना दोन दिवस धरा, वर सोलायचं काम. बिरडं (वालांची उसळ) रविवारीच.

डबेवाली_नाही_मी
उसळ डब्यात आंबते ती गरम भरून झाकण लावल्यामुळे. वाफ झाकणाला धरते आणि पाणी परत उसळीतच पडतं. ताटलीत पसरून निववा, मग भरा. मे महिन्यात डब्याच्या उसळीत ओलं खोबरं नकोच, कूट घाला. वर लिंबू पिळा, कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्याने उलटं होतं.

ठाकुर्लीकर
चहा सोडायचा? धागा बंद करा 😄

लोअरपरळ
भाजीचा भाव किलोवर बघू नका, साफ करून पदरात काय पडतं ते बघा. मटाराच्या किलोभर शेंगांतून निम्मेही दाणे निघत नाहीत. फ्लॉवरचे दांडे-पाला काढला की तीच गत. कोबी, दुधी, लाल भोपळा जवळजवळ अख्खे वापरले जातात. दुधीच्या सालीची चटणी होते. दादरला भल्या पहाटे स्वस्त मिळतं खरं, पण तिथे घाऊक माल, 5 किलो टोमॅटो आणून 2 किलो सडले तर कसली बचत? दोन-तीन शेजारणींनी वाटून घ्या.

सुकट_बोंबील
1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताज्या मासळीचा भाव विचारूच नका. जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) मेमध्येच भरून ठेवा. आधी कोरडा भाजायचा, चाळणीत हलवून रेव पाडायची, मग पटकन धुवायचा. आधी धुतला की वास बसतो आणि कुरकुरीतपणा जातो. मूठभर जवळा एका भोपळ्याला पुरतो. खारट असतो, मीठ शेवटी चाखून.

ठाकुर्लीकर
आणि वासाच्या तक्रारीचा सोसायटीच्या ग्रुपवर येणारा मेसेज? तो कशाने धुवायचा?

सुकट_बोंबील
त्यांच्या घरी वाटीभर पाठवा. शाकाहारी असतील तर खिडकी लावा 🤣

काकडीची_कोशिंबीर
सोयावडी कुणी वापरतं का? मुलं वासाने पळतात.

डबेवाली_नाही_मी
मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात 10 मिनिटं, घट्ट पिळा, गार पाण्यात टाकून परत पिळा. वास त्या पाण्यात जातो. मग मिक्सरला भरड काढून बटाट्यासोबत खिमा करा, वडी म्हणून दाखवूच नका. 50 ग्रॅम वडीत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, चौघांना तेवढी बास.

गिरणीवाल्या_काकू
ज्वारी एकदम 5 किलो दळू नका गं. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते, वर कडवट लागते. 15 दिवसांपुरतंच दळा. चिरलीच तर उकड काढून थापा.

ठाकुर्लीकर
काकू, घरघंटी (घरची छोटी पिठाची गिरणी) घ्यावी का? जागा फ्रिजएवढी जाते म्हणतात

गिरणीवाल्या_काकू
फ्रिजएवढी कसली, छोट्या कपाटाएवढी. पण खालच्या मजल्यावरच्यांना विचारून घे बाबा, आवाज आहे तिचा.