विषय: रॉचेस्टरला यावं का?

नमस्कार मंडळी,
मी पिंपरीची. नवऱ्याला अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या एका ऑप्टिक्स (भिंगांच्या) कंपनीकडून नोकरीचं पत्र आलंय. नेटवर वाचावं तर एकच सूर: फिल्म-कॅमेऱ्यांची कोडक कंपनी बसली, गाव संपलं. मुलगी 7 वर्षांची आहे. खरं काय ते सांगाल का?
– नवी सभासद

ताई,
गाव संपलं हे मी 1990 पासून ऐकतोय, आणि तेव्हापासून इथेच आहे.

कोडकची दिवाळखोरी जानेवारी 2012 मधली, पण उतरण फार आधीची. 1982 च्या सुमारास इथली 60 हजार माणसं कोडकमध्ये होती. भागधारकांच्या लाभांशाशी बांधलेला बोनस कामगारांना देण्याची पद्धत कोडकचा संस्थापक जॉर्ज ईस्टमन याने 1912 मध्ये पाडली, आणि तो हातात पडायचा मार्चमध्ये. आपल्याकडे बोनस दिवाळीला, इथे दिवाळीच मार्चमध्ये! मोटारी आणि फर्निचर विकणारे त्या आठवड्याकडे डोळे लावून बसत. माझे शेजारी फिल्मवर लेप चढवायच्या विभागातून निवृत्त झाले. तिथे काळ्याकुट्ट अंधारात काम चाले, माणसं सवयीने ये-जा करत. हे गृहस्थ अजूनही रात्री पाणी प्यायला उठले की दिवा लावत नाहीत.

कोडकला डिजिटल कळलंच नाही, असं जो तो म्हणतो. अहो, पहिला डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये इथेच, कोडकच्याच स्टीव्ह सॅसनने बनवला. कळलं होतं, फिल्मवरचा नफा सोडवेना. (सिनेमाची फिल्म मात्र आजही इथे बनते.)

2007 मध्ये कोडक पार्क या कंपनीच्या कारखान्याच्या आवारातल्या काही इमारती सुरुंग लावून पाडल्या, तेव्हा बघायला गर्दी झाली होती. पण त्यांच्याबरोबर कसब गेलं नाही. भिंगं बनवणारी बॉश अँड लाँब 1853 पासूनची, झेरॉक्स इथलीच, युनिव्हर्सिटीतली ऑप्टिक्सची संस्था 1929 ची. भिंगाचं काम जाणणारी माणसं गावात आहेत म्हणून तर तुमच्या यजमानांना इथून पत्र आलं. आज सर्वांत जास्त नोकऱ्या युनिव्हर्सिटी आणि तिच्या हॉस्पिटलांत आहेत.

आता दुसरी बाजू. 1950 मध्ये शहरात 3 लाख 32 हजार लोक होते, 2020 मध्ये 2 लाख 11 हजार. शाळा संपवून थेट कारखान्यात लागायची वाट बंद झाली, त्याचा मार गरीब वस्त्यांना बसला, अजून बसतोय. मंडळातले आम्ही बहुतेक शाळांपायी पिट्सफर्ड नाहीतर ब्रायटन या उपनगरांत राहतो आणि तिथून शहरावर मतं मांडतो. माझंही मत तेवढ्याच लायकीचं समजा. पण या.
– मंडळातला जुना सभासद

काका, बर्फाचं सोयीस्करपणे विसरलात! ताई, ओंटारिओ सरोवराच्या कृपेने वर्षाला सरासरी 100 इंच पडतो. नोव्हेंबर ते एप्रिल फावडं दारातच ठेवायचं. तुळशीबागेतून स्वेटर-मोजे भरून आणू नका, त्यांचा इथे निभाव लागत नाही. बूट तर इथेच घ्या.

मुलीसाठी सांगते: जेनेसी नदीचा धबधबा ऐन शहरात आहे. त्याच्या जोरावर इथे पिठाच्या गिरण्या चालत. 1825 मध्ये ईरी कालवा पुरा झाला आणि पीठ थेट न्यूयॉर्कला जाऊ लागलं, म्हणून हे पिठाचं शहर. पुढे रोपवाटिका वाढल्या, तसं फुलांचं शहर झालं. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एकच, त्यामुळे पाटी बदलली तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागला नाही. मेमध्ये हायलँड पार्कात लायलॅक फुलतात, तेव्हा तिला घेऊन नक्की जा.
– ग्रीसवरून (रॉचेस्टरचं उपनगर, देश नव्हे)

बर्फ विसरलो नव्हतो, पत्र पुरं वाचून व्हावं म्हणून गाळला. आणि लायलॅकला जायचं तर शनिवार-रविवार टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही.
– जुना सभासद