साडेसात महिन्यांच्या बाळाला दही चालते, तर दूध का नको?

ऐरोलीकर_आई (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा या आठवड्यात साडेसात महिन्यांचा होईल. सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण केले आणि तेव्हापासून मऊ वरणभात, नाचणीची पेज, उकडून कुस्करलेला लाल भोपळा, केळे असे एकेक पदार्थ सुरू केले. अंगावरचे दूध अर्थातच चालू आहे. मागच्या भेटीत डॉक्टरांनी घरचे ताजे दही थोडे थोडे द्यायला हरकत नाही असे सांगितले, परंतु त्याच दमात वरचे दूध मात्र वर्षाचा होईपर्यंत देऊ नका, असेही बजावले. बाहेर बरीच गर्दी होती, म्हणून मी मान हलवून निघाले आणि रिक्षात बसल्यावर मनात आले की दही तर दुधाचेच होते. मग एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार, हे कसे?

दुसरी अडचण घरातली आहे. पावसाळ्यात दही दिले तर बाळाच्या छातीत कफ होईल, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्यांनी दोन मुले वाढवली आहेत, त्यामुळे त्यांचे बोलणे उडवून लावावे असे मला वाटत नाही. शिवाय या दिवसांत आमच्याकडे दहीच धड लागत नाही. सकाळी पाहावे तर वर पाणी सुटलेले आणि चमचा उचलला की तार. दही कसे लावावे, किती द्यावे आणि देताना कशाकडे लक्ष ठेवावे, हे कृपया सांगावे.

निवृत्त_परिचारिका_ठाणे

ताई, बालरुग्ण विभागात काम करताना हा प्रश्न मी अनेक आयांकडून ऐकला आहे, आणि तो अगदी रास्त आहे. ‘वरचे दूध नको’ याचा अर्थ दुधाचा थेंबही पोटात जाता कामा नये असा नसून, आईच्या दुधाची जागा गाई-म्हशीच्या दुधाने घेऊ नये, असा आहे. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १ ग्रॅम प्रथिने असतात, तर गाईच्या तेवढ्याच दुधात ३ ग्रॅमहून अधिक. क्षारही जास्त असतात, आणि बाटलीच्या बाटल्या पोटात गेल्या की हा सगळा भार बाळाच्या मूत्रपिंडांवर येतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट लोहाची. जन्मताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. नेमक्या त्याच वयात गाईचे दूध भरपूर पाजले, तर त्यात लोह नगण्य असते, त्यातले केसीन हे प्रथिन आणि कॅल्शियम इतर अन्नातले लोह नीट शोषू देत नाहीत, आणि काही बाळांच्या आतड्यांतून डोळ्यांना न दिसणारा किंचित रक्तस्रावही होतो. त्यात दुधाने पोट भरलेले बाळ डाळीचा आणि नाचणीचा घास तोंडाबाहेर ढकलते, ते वेगळेच. गुटगुटीत दिसणारी, पण तळहात पांढरेफटक पडलेली अशी बाळे मी पाहिली आहेत. दोन-तीन चमचे दह्याने यातले काही घडत नाही. मात्र ‘आवडते’ म्हणून त्याच दह्याच्या उद्या रोज तीन वाट्या होऊ लागल्या, तर दुधावरचे सगळे आक्षेप त्यालाही लागू होतील.

विरजणातले जिवाणू दुधातल्या लॅक्टोज या साखरेचा काही भाग लॅक्टिक आम्लात बदलतात आणि प्रथिने मऊ गोठतात, म्हणून दही पचायला सोपे जाते. पण ज्याला दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी आहे, त्याला विरजण वाचवत नाही, कारण ती प्रथिने दह्यातही असतातच.

पहिले दोन-तीन दिवस एक छोटा चमचा द्यावा आणि त्या दिवसांत दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नये. सोसले तर हळूहळू दोन-तीन मोठ्या चमच्यांपर्यंत जावे. मीठ, साखर घालू नये. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, कारण त्यातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणखी एक सांगते. ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे औषध दिले जाते. ते तुमच्याकडे सुरू असेल, तर दह्यात कालवून देऊ नका, दोन्हींत अंतर ठेवा.

नौपाड्याची_आजी

कफाचे म्हणाल तर आमच्याही घरी तोच समज होता. सर्दी विषाणूंमुळे होते, दह्यामुळे नव्हे. पावसाळ्यात घरातले एक माणूस शिंकू लागले की बाळही शिंकते आणि आदल्या दिवशीचे दही बिचारे बदनाम होते. तरीही सासूबाईंशी वाद घालू नये असे मला वाटते. दही दुपारच्या जेवणात द्यावे आणि फ्रिजमधले थंडगार देऊ नये, म्हणजे त्यांच्या मनातली अर्धी धास्ती आपोआप जाईल. त्यांनाच विरजण लावायला सांगितलेत तर उरलेलीही जाईल.

आता दही लागत नाही त्याबद्दल. दूध पुरेसे कोमट नसले किंवा विरजण जुने झाले असले की तार सुटते. तबेल्यातले सुटे दूध असो की पिशवीचे, चांगले उकळी आणून मग निवू द्यावे आणि करंगळी बुडवून सहज धरवेल, पण ऊब स्पष्ट जाणवेल, इतके झाले की विरजण घालावे; अंदाजे ४० ते ४३ अंश सेल्सिअस. बाळापुरते एका वाटीत अर्धा छोटा चमचा विरजण पुरते. जास्त घातले तर लवकर लागते, पण आंबटही लवकर होते. आदल्या दिवशीच्या गोड दह्याचेच विरजण घ्यावे. वर पाणी सुटलेले नको. पावसाळ्यात मी वाटी झाकून पोळ्यांच्या गरम डब्यात ठेवते आणि रात्रभर हलवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मात्र ठाण्याच्या उकाड्यात तेच दही चार-पाच तासांत लागते आणि थोडे विसरले तर तोंड वाकडे होईल इतके आंबते, म्हणून कवडी धरली की लगेच फ्रिजमध्ये.

द्यायच्या वेळी लागेल तेवढेच दुसऱ्या वाटीत काढावे आणि ती वाटी कोमट पाण्यात ठेवावी. गॅसवर गरम करू नये, दही फाटते. बाळाचा उष्टा चमचा मूळ वाटीत बुडवू नये. साय काढू नका. या वयात स्निग्धांश हवाच असतो.

घोडबंदरचा_बाबा

वरील सर्व मान्य असूनही एक सावधगिरी सुचवतो. आमच्या मुलीला सातव्या महिन्यात पहिल्यांदा दही दिले, ते रात्री आठच्या सुमारास. वीस मिनिटांत गालांवर आणि पोटावर लाल गांधी उठल्या, पाठोपाठ उलटी झाली, आणि घोडबंदर रोडच्या रात्रीच्या कोंडीत अडकून रुग्णालय गाठेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला. ती सुखरूप आहे. दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी निघाली. तेव्हापासून नवा पदार्थ सकाळीच, हा आमच्या घरचा नियम झाला. ‘गाईचे नको, म्हशीचे देऊन बघा’ असा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला, परंतु दोन्हींतली प्रथिने इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक अशा बाळांना म्हशीचेही सोसत नाही. बाळाला आधीपासून तीव्र इसब असेल किंवा पावडरच्या दुधाने पूर्वी त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दही देऊ नये.

दुकानातल्या फळांच्या चवीच्या दह्याच्या डब्यावरचे घटक एकदा वाचून पाहा. बहुतेकांत साखर घातलेली असते.

ऐरोलीकर_आई

सर्वांचे मनापासून आभार. कोडे सुटले. आज दही सासूबाईंनी लावले आणि सकाळी दहाला मी अर्धा चमचा दिले. हनुवटीवर जिथे ओघळ आला होता, तेवढ्याच भागात किंचित लाली दिसली. पुसल्यावर अर्ध्या तासात गेली. बाळ खेळत होते. ही अॅलर्जी समजावी का?

निवृत्त_परिचारिका_ठाणे

फक्त ओघळ लागला तिथेच लाली आली आणि लगेच गेली, तर बहुधा तो आंबटपणाचा त्वचेला झालेला त्रास असतो. टोमॅटोनेही असे होते. पुढच्या वेळी ताजे, गोड दही घ्या आणि तोंड लगेच ओल्या फडक्याने टिपा. दही लागले नव्हते अशा ठिकाणी गांधी उठल्या, दोन-चार तासांत वारंवार उलट्या झाल्या किंवा पुढच्या काही दिवसांत शौचात रक्त अथवा चिकट आव दिसली, तर दही बंद करून डॉक्टरांकडे जावे. ओठ वा डोळे सुजले किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर मात्र क्षणभरही न थांबता थेट रुग्णालय गाठावे. उद्या पुन्हा अर्धाच चमचा द्या.