टेम्प्लेटमधलं चुकलेलं नाव गुपचूप रिकामं दिसावं, की पान तिथेच फुटावं?

धागाकर्ता
फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधल्या एका नोंदणी अर्जात पावतीवर नोंदणी क्रमांकाची जागा कोरी येत होती. लॉगमध्ये एकही एरर नाही, डेटाबेसमध्ये क्रमांक व्यवस्थित. दोन दिवस मी डेटाबेसच चाळत बसलो. शेवटी निघालं एवढंच, की व्ह्यूमध्ये (पानाला माहिती पुरवणाऱ्या फंक्शनमध्ये) कोणीतरी व्हेरिएबलचं नाव बदललं होतं आणि टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) जुनंच राहिलं होतं. असं अनोळखी नाव आलं की जिन्जा, म्हणजे फ्लास्कचं टेम्प्लेट इंजिन, काही न बोलता रिकामी जागा छापतो. जॅंगो या दुसऱ्या फ्रेमवर्कची टेम्प्लेटंही तशीच.

माझं मत स्पष्ट आहे: जिन्जात स्ट्रिक्टअनडिफाइन्ड लावा, म्हणजे अनोळखी नावाला थेट एरर येईल; आणि तेही लाइव्हवरसुद्धा (लोक वापरतात त्या सर्व्हरवर). क्रमांक नसलेली पावती लोकांच्या हातात पडण्यापेक्षा पावती न आलेली बरी.

प्रतिसाद १
असहमत. पावती छापायच्या वेळी नोंद सेव्ह झालेली असते. तिथे ५०० (सर्व्हर एरर) दिसला की माणसाला वाटतं अर्ज गेलाच नाही, तो पुन्हा भरतो. झाल्या दोन नोंदी. शिवाय स्ट्रिक्ट केल्यावर साधं 'इफ' लावून नाव तपासलं तरी पान फुटतं, 'इज डिफाइन्ड' लिहावं लागतं. जुन्या प्रोजेक्टमध्ये अशी टेम्प्लेटं शेकड्यांनी असतात. डेव्हलपमेंट आणि टेस्टमध्ये स्ट्रिक्ट ठेवा. लाइव्हवर जिन्जाचंच मेक_लॉगिंग_अनडिफाइन्ड वापरा: पान चालू राहतं, लॉगमध्ये वॉर्निंग पडते.

धागाकर्ता
दुहेरी नोंदीचा दोष स्ट्रिक्टवर कशाला? पोस्टनंतर (फॉर्म पाठवल्यावर) रीडायरेक्ट करा, पावती वेगळ्या यूआरएलवर दाखवा, डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दोनदा होऊ न देणारी अट) ठेवा. मग रिफ्रेश कितीही मारा. आणि वॉर्निंग वाचतो कोण? आमच्याकडे तरी कोणी वाचत नव्हतं.

प्रतिसाद २
तुम्ही दोघं मागच्या दाराशी भांडताय, पुढचं सताड उघडं आहे. फॉर्ममधून वय घेताना गेट या मेथडला टाइप म्हणून इंट (पूर्णांक) दिलंत आणि कोणी 'बारा' असं अक्षरी लिहिलं, तर फ्लास्क एरर देत नाही, नन (None, म्हणजे 'काहीच नाही') हातात ठेवतो. पुढे कुठेतरी बेरजेत टाइपएरर येतो आणि आपण बेरीज तपासत बसतो. हाच तो गुपचूपपणा!

आकड्यांचंही तसंच. 'सगळे अंकच आहेत ना' हे तपासणाऱ्या इझडिजिटवर भरवसा ठेवू नका. '१२' हे देवनागरी अंक इंटला चालतात, पण वर्गाचा छोटा '²' इझडिजिटमधून पास होतो आणि इंटमध्ये व्हॅल्यूएरर देतो. रकमेत कोणी 'नॅन' (nan, म्हणजे 'संख्या नाही') लिहिलं तर फ्लोट (दशांश संख्येचा टाइप) ते स्वीकारतो. मग 'शून्याहून कमी किंवा हजाराहून जास्त असेल तर नाकारा' ही अट त्याला अडवत नाही, कारण नॅनशी केलेल्या दोन्ही तुलना खोट्याच ठरतात. ब्राउझरमधले मिन-मॅक्स (किमान-कमाल) वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असतात, तपासणी सर्व्हरवरच हवी.

प्रतिसाद ३
दोन नंबरशी सहमत. माझा राग मात्र अख्ख्या व्ह्यूभोवती ट्राय गुंडाळून खाली 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिणाऱ्यांवर, म्हणजे येईल ती एरर सरसकट पकडणाऱ्यांवर आहे. फ्लास्कमध्ये अबॉर्ट(४०४), म्हणजे 'पान सापडलं नाही', हेसुद्धा एक्सेप्शनच असतं. तेही त्या जाळ्यात अडकतं आणि 'काहीतरी चुकलं' असं पान २०० ('सगळं ठीक') कोडसह जातं. बाहेरून बघणाऱ्या मॉनिटरिंगला सगळं आलबेल दिसतं.

प्रतिसाद १
म्हणजे लोकांना ट्रेसबॅक (एररचा तांत्रिक तपशील) दाखवायचा?

प्रतिसाद ३
मुळीच नाही. लाइव्हवर डीबग बंद, आणि एररहँडलर(५००) मध्ये सभ्य पान. न पकडलेलं एक्सेप्शन फ्लास्क स्वतः ट्रेसबॅकसकट लॉग करतो. ट्राय फक्त त्या ओळीभोवती, जिथे काय बिघडू शकतं आणि बिघडल्यावर काय करायचं हे आपल्याला ठाऊक आहे. वय चुकलं तर ४०० ('विनंतीत चूक') द्या, फॉर्म भरलेल्या मजकुरासह परत दाखवा, चूक त्याच रकान्याखाली लिहा.

प्रतिसाद १
हे पटलं. टेम्प्लेटबाबत मात्र मी अर्ध्यावरच येतो: पावती, बिल, ईमेल यांना स्ट्रिक्ट. 'नमस्कार' पुढचं टोपणनाव सापडलं नाही म्हणून मी अख्खं पान पाडणार नाही.

धागाकर्ता
टोपणनाव नसणं तुम्हाला चालत असेल, तर टेम्प्लेटमध्ये डिफॉल्ट फिल्टर (नाव नसेल तर पर्यायी मजकूर देणारा) लावून तसं लिहा ना. मग स्ट्रिक्टही काही म्हणत नाही, आणि पुढच्या माणसाला कळतं की ही जागा मुद्दाम रिकामी सोडली आहे.