अनुभव धागा : दुकानांतून आटत चाललेलं एक्सबॉक्स

मोठ्या दुकानांतल्या गेम विभागात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या हिरव्या डब्यांची फळी लहान होत चालली आहे, हे आता वेगळं सांगायला नको. आधी डिस्का गेल्या, मग हेडसेट आणि चार्जर. काही ठिकाणी कन्सोलचं (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचं) खोकंही काउंटरमागे गेलं. हा धागा ज्यांना या मालाची आतून माहिती आहे त्यांच्यासाठी आहे : विक्री, दुरुस्ती, सेकंड हँड, डिस्क संग्रह. आठवणी आणि 'कुठलं कन्सोल भारी' हा वाद दुसरीकडे. इथे फक्त कामाचं लिहा. फळीवरून काय आधी नाहीसं होतं, का होतं, आणि माल मिळतोय तोवर काय बघून घ्यावं?

फळीमोजणी

कन्सोल विकून दुकानाला फारसं काही सुटत नाही. सुटतं ते दुसऱ्या कंट्रोलरवर, हेडसेटवर, नव्या डिस्कवर आणि सगळ्यात जास्त जुन्या डिस्कच्या घेण्या-विकण्यावर. 10 नोव्हेंबर 2020 ला एक्सबॉक्सची दोन यंत्रं आली. सिरीज एक्सला डिस्क ड्राइव्ह, सिरीज एसला नाही. एस घेतलेलं गिऱ्हाईक एकदा येतं आणि संपलं, पुढचा सगळा व्यवहार त्याच्या पडद्यावर. 2024 च्या ऑक्टोबरात एक्सचंही बिनड्राइव्हचं पांढरं मॉडेल आलं. म्हणजे एकीकडे दुकानाने खोकं विकायचं, दुसरीकडे त्याच खोक्याने गिऱ्हाईक कायमचं तोडायचं.

फळी कमी होण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पहिल्यांदा जुनी नावं परत मागवणं बंद होतं. मग नवा गेम फक्त पहिल्या आठवड्यापुरता येतो. मग समोरून दिसणारे डबे कडेने लावले जातात आणि नुसते कणे (नाव छापलेली अरुंद कड) दिसायला लागतात, कारण तेवढ्याच लांबीत दुसऱ्या ब्रँडचा माल बसवायचा असतो. त्यानंतर खेळून बघायचं यंत्र उचललं जातं. कन्सोल स्वतः सगळ्यात शेवटी जातं.

किमतीने उरलंसुरलं केलं. एरवी कन्सोल जुनं होतं तसं स्वस्त होतं आणि दुकानाला सेलची पाटी लावता येते. इथे अमेरिकेत सिरीज एक्स 499 डॉलरला आलं, मे 2025 मध्ये ते 599.99 झालं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये 649.99. पाच वर्षं जुनं यंत्र दीडशे डॉलरने महाग झाल्यावर पाटी कसली लावणार?

वाचनमात्र

मग अमेरिकेतल्या टार्गेट, वॉलमार्ट या मोठ्या दुकानांनी एक्सबॉक्स ठेवणं बंद केल्याचं जे फिरत होतं ते खरं का?

फळीमोजणी

नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये ती आवई उठली तेव्हा मायक्रोसॉफ्टने खुलासा केला होता की टार्गेट आणि वॉलमार्ट दोघेही विकत राहणार आहेत. रिकाम्या फळीच्या फोटोवर अशा बातम्या उठतात. फोटोत फळी बघू नका, फळीच्या कडेची पट्टी बघा. नाव आणि बारकोडची चिठ्ठी जागेवर आहे आणि वर माल नाही, तर माल यायचा आहे. चिठ्ठीच काढलेली आहे किंवा तिच्यावर दुसऱ्याच वस्तूचं नाव आहे, तर ती जागा गेली. ऑनलाइनलाही तसंच : 'स्टॉक नाही' लिहिलेलं पान जिवंत असतं. पानच उघडत नसेल तर विषय संपला.

समभाग_नव्हे

दुकानदार हात आखडतो यात कंपनीचाही वाटा आहे. मायक्रोसॉफ्टने किती कन्सोल खपले हे सांगणं 2015 मध्येच सोडलं. जून 2017 ला गेम पास (महिन्याची वर्गणी भरून गेम खेळायची सोय) आला, फेब्रुवारी 2024 मध्ये 'सी ऑफ थीव्ह्ज'सकट चार गेम इतर कन्सोलवर द्यायचं जाहीर झालं, नोव्हेंबर 2024 ला 'हेही एक्सबॉक्सच' म्हणत टीव्ही, फोन आणि लॅपटॉप दाखवणारी जाहिरात आली, आणि एप्रिल 2025 ला 'फोर्झा होरायझन 5' प्लेस्टेशन 5 वर उतरला. ऑक्टोबर 2025 चं रॉग एक्सबॉक्स अ‍ॅलाय हे तर हातात धरायचं विंडोज यंत्र, डिस्कचा प्रश्नच नाही. फोनलाच एक्सबॉक्स म्हटल्यावर दुकानाने खोकं कशाला मांडून ठेवायचं, हे मला रास्त वाटतं.

हिरवी_डबी

डिस्क घेणाऱ्यांनी नीट वाचा, कारण एकसारख्या दिसणाऱ्या डबीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, पूर्ण गेम असलेली डिस्क. दोन, थोडाच भाग असलेली डिस्क, बाकीचा डाउनलोड. तीन, डिस्कच नाही, आत 25 अक्षरांचा कोड छापलेला कागद. तिसऱ्या प्रकाराला पुनर्विक्रीची किंमत शून्य, कोड एकदा वापरला की डबी रद्दी. ओळखायचं कसं? पुढच्या बाजूला खालच्या कडेला इंटरनेट किंवा डाउनलोड लागेल अशी बारीक ओळ असते. ती कधी मागे, कधी किमतीच्या स्टिकरखाली दडते, स्टिकर उचलून बघायला लाजू नका. काही गेमना डबीच नसते : 'हेलब्लेड 2' मे 2024 मध्ये फक्त डिजिटल आला.

जुन्या डिस्कबद्दल मोठा गैरसमज आहे. पहिल्या एक्सबॉक्सची किंवा त्यानंतरच्या एक्सबॉक्स 360 ची डिस्क सिरीज एक्समध्ये घातली तर गेम डिस्कवरून चालत नाही. डिस्क फक्त किल्ली, गेम सर्व्हरवरून उतरतो. म्हणून मंजूर यादीतलेच गेम चालतात, आणि त्या यादीत शेवटची भर नोव्हेंबर 2021 मध्ये पडली. यादीत 360 चे सहाशेहून जास्त गेम आहेत, पण संगीत, गाड्या किंवा खेळाडूंच्या परवान्यांत अडकलेले कित्येक नाहीत. सेकंड हँड 360 डिस्क घेताना आधी यादी बघा, नाहीतर मूळ 360 च जवळ ठेवा. 360 चं ऑनलाइन दुकान 29 जुलै 2024 ला बंद झालं. आधी घेतलेलं परत उतरवता येतं, नवीन काही घेता येत नाही.

एक्सबॉक्स वनच्या (360 आणि सिरीजच्या मधली पिढी) डिस्कचं तसं नाही, त्यावर खरा गेम असतो. सिरीज एक्स पूर्वी अशी डिस्क पहिल्यांदा घातली की इंटरनेटवर खातरजमा मागायचं, 2022 च्या अपडेटनंतर बऱ्याच डिस्कसाठी ती अट गेली. मात्र नवं कोरं किंवा पुसून काढलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू करायला इंटरनेट लागतंच. बंद खोकं जपून ठेवणाऱ्यांनी निदान एकदा ते उघडून सेटअप करून ठेवावं.

राउटरबंद

+1. डिजिटल गेमवाल्यांसाठी भर : सेटिंग्ज, मग जनरल, मग पर्सनलायझेशन, मग 'माय होम एक्सबॉक्स'. हे आपल्याच यंत्रावर चालू आहे ना ते आज बघून ठेवा. ते चालू असेल तरच विकत घेतलेले गेम इंटरनेट नसताना उघडतात. वर्षाला पाचच वेळा बदलता येतं, त्यामुळे मित्राच्या यंत्रावर उगाच फिरवू नका. मग राउटर बंद करून एकेक गेम उघडून बघा. जो उघडत नाही तो कायम सर्व्हरच्या भरवशावर.

पेचकस

सेकंड हँड सिरीज एक्स घेताना सर्वांत आधी डिस्क ड्राइव्ह. त्याची सर्किट पट्टी त्या-त्या मदरबोर्डशी जोडलेली असते. दुसऱ्या यंत्राचा आख्खा ड्राइव्ह लावला तर डिस्क आत जाईल, फिरेल, गेम वाचला जाणार नाही. म्हणून ड्राइव्ह बिघडला की नव्या ड्राइव्हच्या यांत्रिक भागावर मूळ पट्टी चढवावी लागते. 'ड्राइव्ह बदलून दिलाय, नवाकोरा आहे' असं विकणारा म्हणाला तर पैसे देण्याआधी गेमची डिस्क चालवून बघा. सिनेमाची नव्हे, गेमची. घासल्यासारखा आवाज किंवा तीन-चारदा थांबून वाचणं हे लेझर किंवा रोलर थकल्याचं लक्षण.

उघडलेलं यंत्र ओळखायचं तर मागच्या बाजूचे दोन छोटे गोल स्टिकर बघा. त्यांच्याखाली टी-8 (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू असतात. स्टिकर फाटलेले म्हणजे कोणीतरी आत गेलेलं आहे. आत जाणं वाईट नाही, धूळ काढायलाही जातात, पण विचारा.

नंतर एचडीएमआय. पोर्टात टॉर्च मारून पिना सरळ आहेत का बघा, केबल लावून हळूच हलवा. चित्र तुटलं तर पोर्टाचं सोल्डर गेलंय. पोर्ट ठणठणीत असून चित्र नाही, तर आतली एचडीएमआयची चिप, आणि ते काम हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवायचं यंत्र) असलेल्याकडेच. शेवटी विक्रेत्यासमोर फॅक्टरी रीसेट करून स्वतःच्या खात्याने ऑनलाइन जाऊन बघा. ऑनलाइन जायला बंदी घातलेलं यंत्र इथेच उघडं पडतं.

जॉयस्टिक

कंट्रोलर फळीवरून गेले तरी घाबरू नका, एक्सबॉक्स वनचे सगळे कंट्रोलर सिरीजवर चालतात. 360 चे चालत नाहीत, ते स्वस्त मिळाले म्हणून उचलू नका.

कंट्रोलरची काठी (अंगठ्याने फिरवायची स्टिक) हात न लावता सरकल्यासारखी वागत असेल तर दोष बहुधा पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे काठी किती सरकली ते मोजणाऱ्या भागाचा. आत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासते, पट्टी झिजते, भुकटी साचते. खोलायला मधोमध भोक असलेला टी-8 पेचकस लागतो, साधा बसत नाही. सेल काढा, दोन्ही मुठींच्या मागच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या पात्याने कडेकडेने सोडवा. मुठींत चार स्क्रू दिसतात. पाचवा सेलच्या खोबणीत स्टिकरखाली लपलेला असतो, आणि तो न काढता ओढाताण केल्यानेच बहुतेक कव्हरं तडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल 90 टक्क्यांच्या वरचं घ्या, दोन-तीन थेंब काठीच्या मॉड्यूलच्या (काठी बसवलेल्या सुट्या भागाच्या) बाजूच्या डबीत सोडा, काठी गोल-गोल फिरवा, पूर्ण वाळू द्या. भुकटी असेल तर दोष जातो. पट्टीच झिजली असेल तर काही आठवड्यांत परत येतो, मग मॉड्यूल बदला. 14 सोल्डर बिंदू आहेत, शोषक पंप नसेल तर नादी लागू नका, बोर्डाच्या तांब्याच्या कड्या उखडतात. हॉल सेन्सरचं (न घासता चुंबकाने मोजणारं) मॉड्यूल लावलंत तर मध्यबिंदू जुळवावा लागतो, नाहीतर नव्या काठीलाही तोच रोग दिसेल.

खाचाखोच

फळीवर दिसलं तर उचलावं असं एकच सांगेन : स्टोरेज एक्सपान्शन कार्ड, म्हणजे गेम साठवायची जागा वाढवणारं कार्ड. सिरीज एसच्या 512 जीबीतले साधारण 364 जीबीच हाताला लागतात. मागची खाच खास आकाराची, साधी एसएसडी तिथे बसत नाही, आणि कार्डं सीगेट (2020 पासून) आणि डब्ल्यूडी (2023 पासून) यांचीच. यूएसबी ड्राइव्ह किमान 128 जीबी आणि यूएसबी 3 हवा. त्यावरून जुन्या पिढ्यांचे गेम चालतात, सिरीजसाठी बनवलेले फक्त साठवता येतात. तरी उपयोग आहे : 100 जीबी परत डाउनलोड करण्यापेक्षा ड्राइव्हवरून आत हलवणं केव्हाही लवकर.

तांबडी_कडी

2001 चं पहिलं एक्सबॉक्स माळ्यावर असेल तर उतरवा. घड्याळ चालू ठेवणारा कपॅसिटर गळतो आणि मदरबोर्डच्या रेषा खातो. शेवटच्या, 1.6 आवृत्तीच्या बोर्डावरचा ठीक असतो, त्याआधीच्या सगळ्यांतला काढून टाका. जागा आयसोप्रोपिलने पुसा. नवा लावायची गरज नाही, प्लग काढला की तारीख विसरेल इतकंच.

वाचनमात्र

सिरीज एसला बाहेरून यूएसबी ब्लू-रे ड्राइव्ह जोडून डिस्का चालतील का?

पेचकस

नाही. यंत्र तो ड्राइव्ह ओळखतच नाही. डिस्कांचा संग्रह असेल तर ड्राइव्हवालं सिरीज एक्स किंवा जुनं एक्सबॉक्स वन एक्स बघा. वन एस घेताना 'ऑल डिजिटल' नाही ना ते तपासा, त्याच्या पुढच्या पट्टीवर डिस्कची फट नसते.