हेडफोनच्या वायरीत बसवायचे व्हॉल्यूम कंट्रोल: पॉट किती ओहमचा घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. टीव्हीच्या हेडफोन सॉकेटवरून ऐकताना दर वेळी रिमोट हातात घ्यावा लागू नये, म्हणून वायरीतच एक लहान व्हॉल्यूम कंट्रोल बसवत आहे. एक एक्स्टेन्शन केबल मधोमध कापून तिच्यात दुहेरी पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे बटण फिरवून रोध कमी-जास्त करता येणारा भाग), म्हणजे एकाच दांड्यावर दोन्ही चॅनेल फिरवणारा सहा पायांचा पॉट, जोडला आहे. तो १० किलोओहमचा असून त्यावर 'ए' हे अक्षर छापलेले आहे. हेडफोन ३२ ओहमचे आहेत. अडचण अशी की बटण जवळजवळ पूर्ण फिरेपर्यंत काहीच ऐकू येत नाही आणि अगदी शेवटी आवाज एकदम उसळतो. दोष पॉटमध्ये आहे की जोडणीत? शिवाय पॉटच्या मधल्या पायावर हेडफोनची तार जोडावी की टीव्हीकडून येणारी, याबाबत निरनिराळ्या आकृत्यांत निरनिराळे दाखवलेले आढळते. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

पॉट सदोष नाही. तो या कामासाठी नाही, एवढेच. दहा किलोओहमचा पॉट अँप्लिफायरच्या इनपुटवर बसवण्यासाठी योग्य असतो, कारण त्या इनपुटचा इंपीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) सहसा पॉटच्या मूल्यापेक्षा बराच जास्त असतो आणि तिथे विद्युतप्रवाह जवळजवळ ओढला जात नाही. ३२ ओहमचे हेडफोन मात्र भरपूर प्रवाह मागतात. पॉटमध्ये रोधाची एक पट्टी असते आणि मधल्या पायाला जोडलेला स्पर्श तिच्यावर सरकतो. हा सरकता स्पर्श पट्टीच्या रोधाच्या बरोबर मध्यावर आहे असे धरा. वरच्या बाजूला ५००० ओहम उरतात, आणि खालच्या ५००० ओहमना हेडफोनचे ३२ ओहम समांतर जोडले गेल्यामुळे तिथे प्रत्यक्षात सुमारे ३२ ओहमच शिल्लक राहतात. म्हणजे हेडफोनला मूळ व्होल्टेजच्या दीडशेव्या भागाहूनही थोडे कमी मिळते. ही घट सुमारे ४४ डेसिबल इतकी आहे. हेडफोन जोडलेले नसते, तर त्याच ठिकाणी ती फक्त ६ डेसिबल असती. पट्टीचा ९९ टक्के भाग ओलांडल्यावरही १२ डेसिबलची घट कायम असते, त्यामुळे सारा आवाज शेवटच्या किंचित भागात कोंबला जातो. त्यात आपला पॉट बहुधा लॉगरिदमिक प्रकारचा (बटण फिरवताना रोध सुरुवातीला हळू आणि शेवटी वेगाने बदलणारा) असल्याने परिस्थिती आणखी बिघडते.

हेडफोनच्या वायरीत थेट बसवायचा पॉट १०० ओहमच्या आसपासचा आणि लिनिअर प्रकारचा (रोध सर्वत्र सारख्या प्रमाणात बदलणारा) घ्यावा. व्हॉल्यूमसाठी नेहमी लॉगरिदमिक पॉटच हवा, हा नियम येथे लागू पडत नाही, कारण हेडफोनच्या भारामुळे लिनिअर पॉटची चाल आपोआपच कानाला सोयीची होते: १०० ओहमच्या पॉटवर मध्याला सुमारे ११ डेसिबल, पाव भागावर १६ आणि दहाव्या भागावर २२ डेसिबल घट मिळते. आजकालच्या बहुतेक पॉटवर 'ए' म्हणजे लॉगरिदमिक आणि 'बी' म्हणजे लिनिअर असा संकेत असला, तरी काही जुन्या युरोपीय पॉटवर तो उलटा आढळतो. म्हणून बटण मध्यावर ठेवून मल्टिमीटरने मोजणे उत्तम. एका टोकापासून निम्मा रोध दिसला, तर पॉट लिनिअर आहे.

आता जोडणी. दांडा आपल्याकडे आणि पाय खाली असे धरल्यास प्रत्येक ओळीतला डावा पाय सामाईक तारेला (दोन्ही चॅनेलची परतीची एकच तार), उजवा पाय टीव्हीकडून येणाऱ्या तारेला आणि मधला पाय हेडफोनला जोडावा. ३.५ मिलिमीटरच्या स्टिरिओ प्लगवर टोक म्हणजे डावा चॅनेल, मधले कडे म्हणजे उजवा चॅनेल आणि बुडाचा भाग सामाईक असतो. डाव्या आणि उजव्या टोकांच्या पायांची अदलाबदल झाली, तर बटण उलटे चालते. त्यात नुकसान नाही. परंतु मधल्या पायावर टीव्हीची तार आणि उजव्या पायावर हेडफोन जोडल्यास, आवाज शून्यावर आणताच टीव्हीचे आउटपुट थेट सामाईक तारेशी शॉर्ट होते. अशी आकृती कुठेही दिसली, तरी ती वापरू नये.

प्रतिसाद २

वरील हिशेबाशी मी सहमत आहे, मात्र १०० ओहमचा पॉटही तडजोडच आहे, हे नोंदवले पाहिजे. सरकता स्पर्श मध्यावर असताना हेडफोनच्या दृष्टीने स्रोताचा इंपीडन्स सुमारे २५ ओहमने वाढतो, आणि तो हेडफोनच्या इंपीडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा हा सर्वसाधारण संकेत येथे सरळ मोडतो. अनेक हेडफोनचा इंपीडन्स सर्व वारंवारितांना सारखा नसतो. खालच्या सुरांत तो वाढत असेल, तर खर्ज फुगल्यासारखा वाटतो, आणि बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारच्या (लहानशी चुंबकीय पट्टी हलून ध्वनी निर्माण होणाऱ्या) इअरफोनमध्ये तर सुरांचा समतोलच बदलू शकतो. टीव्हीवरील बातम्या ऐकताना याने काही बिघडत नाही; संगीत ऐकायचे असेल, तर फरक जाणवेल.

आवाज सतत बदलायचा नसून केवळ कायमचा कमी हवा असेल, तर पॉटऐवजी प्रत्येक चॅनेलमध्ये २२ ओहमचा रेझिस्टर एकसरीत आणि त्यानंतर हेडफोनला समांतर १० ओहमचा रेझिस्टर जोडावा. ३२ ओहमच्या हेडफोनवर सुमारे १२ डेसिबल घट मिळते, स्रोताचा इंपीडन्स अंदाजे ७ ओहमच वाढतो आणि टीव्हीवर पडणारा भार जवळपास पूर्वीइतकाच राहतो. संवेदनशील इअरफोनमध्ये ऐकू येणारी सततची सरसरही त्यासोबत कमी होते, आणि माझ्या मते या उपायाचा खरा फायदा तोच आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. १०० ओहमचा लिनिअर पॉट बसवला आणि बटणाची चाल अगदी हवी तशी झाली. मात्र आता निवेदकाचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला असून पार्श्वसंगीत तेवढे पोकळ ऐकू येते. दोन्ही कानांत तोच प्रकार आहे.

प्रतिसाद १

सामाईक तार कुठेतरी तुटलेली आहे किंवा तिचा डाग (सोल्डरने केलेला सांधा) नीट बसलेला नाही. ती सुटली, की दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर (हेडफोनमधील ध्वनी निर्माण करणारे भाग) डाव्या आणि उजव्या तारेच्या मध्ये एकसरीत येतात आणि त्यांना दोन चॅनेलमधील फरकच तेवढा मिळतो. निवेदकाचा आवाज दोन्हींत सारखा असल्याने तो वजा होऊन जातो.

हेडफोन आणि टीव्ही दोन्ही काढून मोजणी करावी. बटण कुठेही असले, तरी प्लगचे टोक आणि बूड यांच्यामध्ये सुमारे १०० ओहम, आणि टोक व मधले कडे यांच्यामध्ये सुमारे २०० ओहम दिसले पाहिजेत. दुसरे माप बरोबर येऊन पहिले अनंत दाखवत असेल, तर पॉट आणि प्लग यांमधला सांधा सुटला आहे. दोन्ही मापे बरोबर असतील, तर पॉटच्या डाव्या पायांपासून हेडफोनच्या सॉकेटपर्यंतची सामाईक तार तपासावी. अशा केबलमधील बारीक तारांवर बहुधा इनॅमलचा लेप असतो आणि तो राहिला, तर डाग वरून चकचकीत दिसूनही आत संपर्क होत नाही. तारेचे टोक आधी फ्लक्स आणि वितळलेल्या सोल्डरच्या थेंबात काही क्षण धरून लेप जाळावा आणि तार चंदेरी झाल्यावरच ती पायाला लावावी. पॉटच्या पायांवर मात्र सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नये. आतील कार्बनची पट्टी उष्णतेने खराब होते.

प्रतिसाद २

एक पुरवणी. ही सर्व जोडणी तीन संपर्कांच्या साध्या स्टिरिओ प्लगसाठी आहे. पुढे कधी हेच कंट्रोल २.५ किंवा ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड आउटपुटवर वापरण्याचा विचार असेल, तर तिथे दोन्ही चॅनेलच्या ऋण तारा स्वतंत्र असतात आणि त्यांच्यावरही सिग्नल असतो. त्या एकत्र जोडल्यास अँप्लिफायर खराब होऊ शकतो.