मदत हवी आहे: वॉटरगेट आणि ट्रम्प एकाच तक्त्यात कसे बसवायचे?

मोरपीस२३
नमस्कार मंडळी. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची जुनी आणि आताची प्रकरणं शेजारीशेजारी मांडणारा तक्ता करतेय आणि पार अडकलेय. रकाने: साल, राष्ट्राध्यक्ष, रक्कम, पुरावा, निकाल. ओळी पाच: हार्डिंग (टीपॉट डोम), निक्सन (वॉटरगेट), रेगन (इराण-काँट्रा), क्लिंटन, ट्रम्प. 'रक्कम' निम्म्या ओळींत रिकामी राहते. 'निकाल'मध्ये निक्सनपुढे एका ठिकाणी 'महाभियोग' दिलंय, दुसऱ्या ठिकाणी 'राजीनामा'. क्लिंटनपुढे तर 'महाभियोग' आणि 'निर्दोष' दोन्ही. नक्की काय लिहू? सोमवारी मजकूर द्यायचाय. शोधून झालंय, त्यामुळे कृपया थेट उत्तर द्या.

तळटीप
थेट उत्तर: निक्सनवर महाभियोग झाला नाही. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, न्याय समितीने जुलै १९७४ च्या अखेरीस तीन आरोपकलमं मंजूर केली. न्यायात अडथळा २७-११, सत्तेचा गैरवापर २८-१०, काँग्रेसचा (म्हणजे संसदेचा) अवमान २१-१७. पूर्ण सभागृहात मतदान व्हायच्या आधीच, ९ ऑगस्टला त्याने पद सोडलं. समितीचं मतदान सभागृहाचं समजलं की गोंधळ सुरू होतो.

क्लिंटनचं दोन्ही बरोबर आहे. महाभियोग म्हणजे प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवणं, साध्या बहुमताने. खटला सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, चालतो आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांची दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे 'निकाल' हा एक रकाना मोडून दोन करा: 'प्रतिनिधिगृह' आणि 'सिनेट'.

आता तुम्ही सांगा. ट्रम्प म्हणजे कोणता ट्रम्प? २०१९, २०२१, घरी ठेवलेल्या सरकारी कागदपत्रांचा खटला की न्यूयॉर्कचा? आणि हे कुठे छापायचंय, किती जागेत?

मोरपीस२३
वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी, दोन पानं. ट्रम्प म्हणजे महाभियोग.

तळटीप
महाभियोग दोन आहेत. १८ डिसेंबर २०१९ चा युक्रेनची मदत अडवण्याबद्दलचा आणि १३ जानेवारी २०२१ चा काँग्रेसच्या इमारतीवरच्या ६ जानेवारीच्या हल्ल्याबद्दलचा. ओळी दोनच करा, एकत्र केल्यात तर मतांचे आकडे चुकतील.

जुनाबाजार
रक्कम हा सगळ्यात भक्कम रकाना आहे, तो काढू नका. फक्त डॉलर आजच्या भावात आणा, नाहीतर वाचक फसतो. टीपॉट डोम, म्हणजे हार्डिंगच्या काळातल्या नौदलाच्या तेलसाठ्यांच्या प्रकरणात, गृहखात्याचा मंत्री आल्बर्ट फॉल याला तेलसम्राट डोहेनीकडून काळ्या पिशवीतून एक लाख डॉलर आले, १९२१ साली. आज ऐकायला किरकोळ वाटतं. ग्राहक किंमत निर्देशांक १९२१ मध्ये १७.९ होता, २०२४ मध्ये ३१३ च्या आसपास. भागाकार साडेसतरा, म्हणजे आजचे सतराअठरा लाख डॉलर. प्रत्येक ओळीत असाच भागाकार करा: आजचा निर्देशांक भागिले त्या सालचा, गुणिले रक्कम.

युक्रेनच्या ओळीत ३९.१ कोटी डॉलर लिहा. अडवून ठेवलेली मदत तेवढी होती.

रानजाई
जुनाबाजार, ही तुलना चुकीच्या पायावर उभी आहे. फॉलचे एक लाख ही लाच होती, खिशात गेली. ३९.१ कोटी हा काँग्रेसने मंजूर केलेला निधी, तो अडवला होता, कोणी खाल्ला नव्हता. दोन्ही आकडे एका रकान्यात आले की वाचक म्हणणार ट्रम्पने फॉलच्या कितीतरी पट पैसे घेतले. हे धादांत चूक. दुसरं, फॉल 'गृहखात्याचा' नव्हे. अमेरिकेचं ते खातं पोलिसांचं नाही, सरकारी जमिनी आणि खाणींचं. म्हणूनच वायोमिंगमधला टीपॉट डोम आणि कॅलिफोर्नियातला एल्क हिल्स हे नौदलाचे तेलसाठे त्याच्या हाती आले. आणि फॉलला १९२९ मध्ये शिक्षा झाली, हार्डिंगला नाही. हार्डिंग २ ऑगस्ट १९२३ लाच सॅन फ्रान्सिस्कोत वारला. त्याच्या नावापुढे 'दोषी' लिहिलं तर अंक परत छापावा लागेल.

मोरपीस, माझं ऐका आणि रक्कम काढून टाका. त्या जागी एकच रकाना घ्या: तपास करणाऱ्याला कोणी नेमलं आणि कोण काढू शकत होतं. जुनं आणि आताचं यांतला खरा फरक इथेच दिसतो.

टीपॉट डोम: ॲटर्नी जनरल (न्याय खात्याचा प्रमुख) डॉहर्टी स्वतःच संशयाच्या घेऱ्यात, म्हणून १९२४ मध्ये कूलिजने दोन वकील नेमले, एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, दोघांना सिनेटची मान्यता घेऊन.

वॉटरगेट: खास तपास वकील आर्चिबाल्ड कॉक्सला ॲटर्नी जनरल रिचर्डसनने नेमलं, आणि गंभीर गैरवर्तनाशिवाय काढणार नाही असा शब्द सिनेटला दिला. कॉक्सने निक्सनच्या संभाषणांच्या नऊ टेपा मागितल्या. २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी निक्सनने त्याला काढायचा हुकूम दिला. रिचर्डसनने राजीनामा दिला, त्याचा दुय्यम रकलशॉस यानेही नकार देऊन पद सोडलं, शेवटी तिसऱ्या क्रमांकाच्या बोर्कने कॉक्सला काढलं. त्यानंतर आलेल्या जॉवर्स्कीने काँग्रेसच्या नेत्यांच्या संमतीशिवाय आपल्याला काढता येणार नाही अशी हमी घेतली आणि ६४ टेपा मागितल्या. तो वाद सुप्रीम कोर्टात गेला, २४ जुलै १९७४, ८-०.

या शनिवारातून १९७८ चा कायदा आला: स्वतंत्र तपासनीस तीन न्यायाधीशांचं मंडळ नेमणार. इराण-काँट्रामध्ये (रेगनच्या काळातलं इराणला चोरून शस्त्रं विकण्याचं प्रकरण) लॉरेन्स वॉल्श तसाच आला, ऑगस्ट १९९४ मध्ये क्लिंटनच्या तपासाला केनेथ स्टारसुद्धा. स्टारचा तपास अर्कान्सामधल्या जमीनव्यवहारापासून निघून कुठल्या कुठे गेला आणि दोन्ही पक्ष त्या कायद्याला विटले. ३० जून १९९९ ला त्याची मुदत संपू दिली. तेव्हापासून स्पेशल काउन्सेल (खास तपास वकील) न्याय खात्याच्या नियमांखाली येतो. ट्रम्पच्या प्रकरणांत मुलर २०१७ मध्ये आणि जॅक स्मिथ २०२२ मध्ये तसेच आले. स्मिथचा कागदपत्रांचा खटला जुलै २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या न्यायाधीशांनी नेमणूकच बेकायदा ठरवून फेटाळला. हा एक रकाना भरला की शंभर वर्षं वाचकाला दिसतात.

न्यूजर्सीकर
रकाना चांगला आहे, पण २०१९ आणि २०२१ ला तो लागू होत नाही. २०१९ मध्ये युक्रेन प्रकरणाला स्पेशल काउन्सेल नव्हताच, प्रतिनिधिगृहाच्या समित्यांनीच साक्षी घेतल्या. २०२१ मध्ये तर घटना आणि महाभियोग यांत सात दिवस, समितीची चौकशीसुद्धा नाही. तिथे 'कोणी नाही' असंच स्पष्ट लिहा, जागा कोरी सोडू नका. कोरी जागा म्हणजे लेखिकेला सापडलं नाही, असा वाचकाचा समज होतो.

माझ्या मते खरा रकाना स्वपक्षाची मतं हा आहे. निक्सनच्या पहिल्या कलमाला समितीत सहा रिपब्लिकनांनी होकार दिला, दुसऱ्याला सात. क्लिंटनला दोषी ठरवायला एकाही डेमोक्रॅट सिनेटरने मत दिलं नाही. २०२० मध्ये, ट्रम्पच्या पहिल्या खटल्यात, एकटा रिपब्लिकन सिनेटर रॉम्नी, तोही फक्त पहिल्या कलमावर. २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात दहा रिपब्लिकन आणि सिनेटमध्ये सात, आजवर स्वपक्षाची सर्वांत जास्त. तरी ५७-४३, म्हणजे दहा मतं कमी.

तळटीप
निक्सनला मतांनी नव्हे, टेपेने पाडलं. २३ जून १९७२ ची टेप ५ ऑगस्ट १९७४ ला बाहेर आली. त्यात तो आपला कार्यालयप्रमुख हॉल्डमन याला सांगतो की सीआयएकरवी एफबीआयला तपास थांबवायला सांगा. ७ ऑगस्टला गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स हे त्याच्याच पक्षाचे नेते व्हाइट हाऊसमध्ये जाऊन सिनेटमध्ये मतं उरली नाहीत हे सांगतात आणि ८ च्या रात्री राजीनाम्याची घोषणा होते. आधी पुरावा, मग मतं.

'पुरावा' रकान्यात फक्त 'टेप' लिहू नका. २० जून १९७२ च्या टेपेत साडेअठरा मिनिटं नुसता घूंऽऽ असा आवाज आहे. सेक्रेटरी रोझ मेरी वूड्सचं म्हणणं, फोन घेताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं आणि पाय पेडलवरच राहिला, पण तेही फार तर पाचेक मिनिटं. फोन आणि पेडल यांच्यामध्ये ती किती ताणली गेली असेल हे दाखवणारा फोटो तेव्हा गाजला होता. सहा तज्ज्ञांच्या मंडळाने टेपेवरच्या खुणा तपासून किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसल्याचं सांगितलं. एका चुकीत ते होत नाही.

वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीतल्या चोरीचा तपशीलही दोन ओळींत द्या. दाराचं कुलूप लागू नये म्हणून खिट्टीवर चिकटपट्टी लावली होती, ती आडवी. त्यामुळे दार बंद असतानाही तिची टोकं बाहेरून दिसत. पहारेकऱ्याने ती काढली, पुढच्या फेरीत परत लावलेली दिसली, मग पोलीस बोलावले. उभी लावली असती तर दिसलीच नसती.

शमीवृक्ष
कुणीच मूळ मुद्दा सांगत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम ६१ नुसार राष्ट्रपतींवर महाभियोग कोणत्याही सभागृहात सुरू होऊ शकतो. एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस, आणि दोन्हीकडे *एकूण* सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश. कारण एकच, घटनाभंग. आजवर एकदाही वापरलेलं नाही. तक्त्यात हे हवंच.

रानजाई
शमीवृक्ष, माहिती अचूक आहे, पण धागा अमेरिकेचा आहे. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तिथे तुलनेला जोड बसत नाही. एक मात्र तुमच्यामुळे सुचलं. मोरपीस, लेखात सगळीकडे 'राष्ट्राध्यक्ष' ठेवा, 'राष्ट्रपती' नको. आणि महाभियोग 'झाला' म्हणजे पद गेलं असं मराठी वाचकाला वाटतं, तेव्हा पहिल्याच परिच्छेदात तो अर्थ उलगडा.

न्यूजर्सीकर
तुलनाच हवी असेल तर कोरिया घ्या. पार्क ग्युन-हे, मार्च २०१७. यून सक-योल, एप्रिल २०२५. दोघांना घटनात्मक न्यायालयाने ८-० ने काढलं. तिथे शेवटचा शब्द न्यायाधीशांचा, अमेरिकेत सिनेटरांचा.

मोरपीस२३
कोरिया नको, दोनच पानं आहेत! मी रक्कम काढली, रानजाईंचा रकाना घेतला. एक विचारायचं राहिलं. निक्सनच्या टेपा आणि ट्रम्पच्या फ्लोरिडातल्या मार-अ-लागो या घरातल्या फायली हे एकाच ओळीत चालेल ना? दोन्हीकडे सरकारी वस्तू द्यायला नकार.

रानजाई
नाही चालणार. निक्सनच्या काळात राष्ट्राध्यक्षाचे कागद त्याची खाजगी मालमत्ता समजत. त्याच्या टेपा ताब्यात ठेवायला १९७४ मध्ये फक्त त्याच्यापुरता वेगळा कायदा करावा लागला. १९७८ च्या कायद्याने ते कागद जनतेचे झाले, तेही २० जानेवारी १९८१ पासून. एकच कृती, पण मधे कायदा बदललेला. अशा ठिकाणी दोन्ही ओळींत 'तेव्हाचा कायदा' असं छोटं टिपण हवं.

जुनाबाजार
मग माझी ३९.१ कोटींची ओळही त्याच न्यायाने ठेवा. मंजूर निधी अडवायला मनाई करणाऱ्या १९७४ च्या कायद्यावर खुद्द निक्सनने १२ जुलैला सही केली, पद सोडायच्या चार आठवडे आधी. २०२० च्या जानेवारीत काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने युक्रेनची मदत अडवताना तोच कायदा मोडल्याचं म्हटलं. जुनं-नवं जोडणारा यापेक्षा थेट धागा नाही.

रानजाई
हे मान्य. 'रक्कम' म्हणून नको, 'तेव्हाचा कायदा' या टिपणात घाला.

तळटीप
आणि १ जुलै २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, ६-३. राष्ट्राध्यक्षाच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांतल्या कृतींना खटल्यापासून पूर्ण संरक्षण, इतर अधिकृत कृतींना गृहीत संरक्षण. २३ जूनची टेप आज फौजदारी खटल्यात कदाचित टिकली नसती.

न्यूजर्सीकर
हे वाक्य असंच छापू नका. तो निकाल फौजदारी खटल्यापुरता आहे, महाभियोगाला लागू नाही. निक्सन पडला तो महाभियोगाच्या भीतीने. त्याच्यावर खटला झालाच नाही, फोर्डने ८ सप्टेंबर १९७४ ला माफी दिली.

तळटीप
बरोबर, 'फौजदारी' हा शब्द ठळक हवा.

मोरपीस२३
सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवातीला १८६८ ची ओळ वाढवलीय, तपासून द्या: 'अँड्र्यू जॉन्सन. प्रतिनिधिगृह १२६-४७. सिनेट ३५-१९. दोषी ठरायला ६७ हवी होती, ३२ कमी पडली.'

तळटीप
६७ आजची, शंभर सिनेटर हजर असताना. तेव्हा ५४ होते, त्यामुळे ३६ हवी होती. एकच मत कमी पडलं.