उन्हाळ्यातील खेळाडूंची अदलाबदल आणि प्लेऑफची गणिते: २०२३ च्या दोन करारांवरून पडलेला प्रश्न

पहाटेचा प्रेक्षक यांचा प्रश्न:

अमेरिकेतील बास्केटबॉल लीगचा, म्हणजे एनबीएचा, हंगाम जूनमध्ये संपला की पुढचे तीन महिने आपण सगळेच कोणता संघ बळकट झाला आणि कोणता खचला याचे हिशेब मांडत बसतो, आणि दरवर्षी मे महिना उजाडेपर्यंत त्यातले निम्मे हिशेब चुकलेले असतात. माझा सर्वांत ठळकपणे चुकलेला अंदाज २०२३ च्या उन्हाळ्यातला आहे. सप्टेंबरच्या अखेरीस मिलवॉकीने ज्रू हॉलिडेला पोर्टलंडकडे देऊन डेमियन लिलर्डला आणले, आणि अवघ्या चार दिवसांत पोर्टलंडकडून तोच हॉलिडे बॉस्टनने उचलला. आदल्या हंगामात सामन्यामागे ३२ गुण काढणारा लिलर्ड आणि यानिस आंतेतोकुन्पो एकाच संघात आल्यावर पूर्व विभागाचा निकाल लागल्यात जमा आहे, असे मी तेव्हा छातीठोकपणे सांगत होतो. प्रत्यक्षात मिलवॉकी ४९ विजयांवर थांबून प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद मालिकांच्या, पहिल्याच फेरीत इंडियानाकडून हरले, तर बॉस्टनने ६४ सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये १६ विजय व केवळ ३ पराभव अशा कामगिरीने विजेतेपद मिळवले.

माझा प्रश्न असा आहे की, हंगामापूर्वीच्या अदलाबदलीतून प्लेऑफमधली शक्यता खरोखर वाढली की केवळ संघातील नावे मोठी झाली, हे आधी ओळखण्याची काही रीत आहे का? निकाल लागल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचते. मला ऑक्टोबरमध्ये काय पाहायला हवे होते ते सांगावे.

---

सहावा गडी यांचे उत्तर:

ऑक्टोबरमध्ये आपण कोण आले ते पाहिले. त्याच्या आधी कोण गेले ते पाहायला हवे होते. मिलवॉकीचा तोवरचा सारा डोलारा बचावावर उभा होता. बास्केटच्या कडीजवळ ब्रूक लोपेझ, त्याच्या मदतीला यानिस, आणि या दोघांपर्यंत चेंडू सहजासहजी पोहोचू नये म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य गार्डला (चेंडू पुढे आणून चाल रचणाऱ्या खेळाडूला) अर्ध्या मैदानापासूनच जखडून ठेवणारा हॉलिडे, अशी ती रचना होती. हॉलिडे गेल्यावर त्या जागी बचावात सुमार असलेला लिलर्ड आला, आणि आदल्या वर्षी लीगमधील सर्वोत्तम बचावांत गणला जाणारा संघ त्या वर्षी खालच्या अर्ध्यात घसरला. हंगामाच्या मध्यावर, ३० विजय आणि १३ पराभव अशी स्थिती असतानासुद्धा, प्रशिक्षक एड्रियन ग्रिफिन यांना काढून टाकण्यात आले. त्यावरून आत किती अस्वस्थता होती याची कल्पना यावी.

नियमित हंगामात अशी उणीव झाकली जाते, कारण रोज नवा प्रतिस्पर्धी समोर असतो आणि तयारीला वेळ नसतो. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी सात सामन्यांपर्यंत गाठ असते. कबड्डीत ज्याप्रमाणे कच्चा कोपरा हेरून पुन्हा पुन्हा त्याच बाजूला चढाई केली जाते, त्याचप्रमाणे इथेही सर्वांत दुबळा बचावपटू शोधून प्रत्येक पिक-अँड-रोलमध्ये (एका साथीदाराने बचावपटूची वाट अडवून चेंडूवाल्याला मोकळे करण्याच्या चालीत) त्यालाच ओढले जाते. म्हणून मी नवा करार झाला की एवढेच विचारतो की, अखेरच्या पाच मिनिटांत मैदानावर असणाऱ्या पाचांपैकी लपवावा लागेल असा कोणी आहे काय.

बॉस्टनच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘कोणीही नाही’ असे होते. टेटम, जेलन ब्राउन, डेरिक व्हाइट, हॉलिडे आणि पोर्झिन्गिस (किंवा त्याच्या जागी हॉरफर्ड) या पाचांत प्रत्येक जण दुरून तीन गुणांचा फटका मारू शकत होता आणि बचावात यांपैकी कोणालाही लक्ष्य करून प्रतिस्पर्ध्याच्या फारसे हाती लागत नव्हते. शिवाय त्यांनी जे दिले तेही पाहा. मार्कस स्मार्ट हा त्या संघाचा आत्मा मानला जात असे, आणि जूनमध्ये पोर्झिन्गिससाठी त्याला सोडले तेव्हा चाहते हळहळले होते. परंतु हॉलिडे आल्यावर स्मार्टचे काम करणारा, आणि शिवाय अधिक भरवशाचा नेम असलेला, माणूस त्यांना मिळाला.

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. २०२१ च्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना, मिलवॉकी फिनिक्सच्या मैदानावर एका गुणाने पुढे, शेवटची काही सेकंदे उरलेली, आणि डेव्हिन बुकर चेंडू घेऊन आत शिरलेला असताना हॉलिडेने त्याच्या हातातून तो अक्षरशः उपटून घेतला आणि धावत्या यानिसकडे हवेत भिरकावला. तीन वर्षांनी, २०२४ च्या पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात, बॉस्टन १८ गुणांची पिछाडी भरून काढून नुकतेच पुढे गेले होते आणि इंडियानाचा अँड्र्यू नेमहार्ड तोल सावरत चेंडू पुढे नेत होता. तेव्हाही अखेरच्या क्षणी तो चेंडू काढून घेतला तो हॉलिडेनेच, आणि तेही आजारी असताना. तेच हात होते. फक्त अंगावरचा गणवेश हिरवा झाला होता.

---

हिशेबनीस यांचे उत्तर:

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, मात्र ‘कोण गेले’ हा प्रश्न केवळ अदलाबदलीपुरता नाही, कारण पुष्कळदा संघ काहीच न करताही दुबळा होतो. डेन्व्हर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. २०२३ च्या विजेत्या संघातून त्या उन्हाळ्यात ब्रूस ब्राउन इंडियानाकडे गेला. तो सुरुवातीच्या पाचांत नव्हता, त्यामुळे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. डेन्व्हर त्याला राखू इच्छीत नव्हते असेही नाही. तो तिथे एकच वर्ष खेळला असल्यामुळे खेळाडूंच्या एकूण पगाराची लीगने घातलेली मर्यादा ओलांडलेल्या संघाला त्याला आधीच्या पगाराच्या १२० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षासाठी सुमारे ७८ लाख डॉलरच देता येत होते. इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी डॉलर समोर ठेवले. एखादा खेळाडू संघात सलग तीन वर्षे राहिला तरच त्याला मर्यादेपलीकडे जाऊन पूर्ण मोबदला देण्याची मुभा मिळते, आणि विजेत्या संघांची राखीव फळी बहुधा याच नियमापायी विस्कटते.

परिणाम २०२४ च्या मे महिन्यात दिसला. नियमित हंगामात डेन्व्हरचे विजय ५३ वरून ५७ पर्यंत वाढले होते, त्यामुळे सारे काही आलबेल वाटत होते. मिनेसोटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात, स्वतःच्या घरी, ते २० गुणांनी पुढे होते आणि तरीही ९८-९० असे हरले. योकिच आणि मरे यांनी मिळून ६९ गुण केले. बाकीच्या सर्वांचे मिळून २१. त्या रात्री दोघांनाही विश्रांती देता येईल असा सातवा-आठवा खेळाडू संघापाशी नव्हता. प्लेऑफमध्ये आठच जण खेळतात हे खरे असले, तरी ते आठ जण भरवशाचे असावे लागतात.

त्यात २०२३ च्या नव्या सामूहिक कराराने संघाच्या एकूण पगारावर ‘दुसरा एप्रन’ नावाची आणखी वरची रेषा आखली आहे. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही आणि मर्यादेपलीकडे जाऊन मध्यम पगाराचा खेळाडू घेण्याची सवलतही गमवावी लागते. फिनिक्सने ड्युरँट व बुकरच्या जोडीला ब्रॅडली बीलला आणले तेव्हा नेमके हेच घडले. उरलेला संघ किमान पगारावर गोळा करावा लागला, २०२४ मध्ये मिनेसोटाने त्यांना सलग चार सामन्यांत हरवले आणि त्यापुढच्या वर्षी ३६ विजयांसह ते प्लेऑफपर्यंत पोहोचलेही नाहीत. खुद्द बॉस्टनलाही २०२५ मध्ये, टेटमच्या टाचेची शीर तुटल्यानंतर, याच रेषेखाली येण्यासाठी हॉलिडे आणि पोर्झिन्गिस या दोघांनाही सोडावे लागले.

---

वाऱ्याचा रोख यांचे उत्तर:

आपण दोघे जे मांडत आहात ते मला थोडे जास्तच सुबक वाटते. इंडियानाविरुद्धच्या त्या मालिकेत यानिस पोटरीच्या दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही, आणि लिलर्डही दोन सामन्यांना मुकला. ज्या कराराची परीक्षाच झाली नाही, त्याला नापास कसे ठरवणार? शिवाय त्या कराराचा हेतू केवळ त्या वर्षीचे विजेतेपद हा नव्हता. यानिसने आपले पुढचे वर्ष अनिश्चित असल्याचे सूचित केले होते आणि लिलर्ड आल्यावर महिन्याभरातच त्याने करार वाढवून घेतला. मिलवॉकीच्या दृष्टीने तोही एक निकालच आहे.

आणि नाव मोठे असले की घात होतो, हेही खरे नव्हे. टोरंटोने २०१८ मध्ये नऊ हंगाम इमानाने खेळलेल्या डीमार डीरोझनला देऊन कवाय लेनर्डला आणले, तेव्हा लेनर्ड आदल्या हंगामात अवघे ९ सामने खेळलेला होता आणि त्याच्या करारात एकच वर्ष उरले होते. गंमत अशी की संघाचे नियमित हंगामातील विजय ५९ वरून ५८ झाले, म्हणजे कागदावर एकाने घटलेच, आणि तरीही त्यांनी २०१९ चे विजेतेपद मिळवले. पण त्या वाटेवर फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या सामन्यात लेनर्डचा अखेरचा फटका कडीवर चार वेळा आपटून मग आत पडला होता. तो बाहेर पडला असता तर सामना वाढीव वेळेत गेला असता, आणि आज आपण कदाचित त्याच कराराला जुगार म्हणत असतो.

---

पहाटेचा प्रेक्षक यांचा प्रतिसाद:

आपणा तिघांचेही आभार. टोरंटोचा मुद्दा मला पटतो, पण त्यातून ‘सर्व काही दैवाधीन’ असा अर्थ निघत असेल तर माझा प्रश्न तिथेच राहतो. दुखापती कोणाला होणार हे कोणीच सांगू शकत नाही हे मान्य. तेवढे बाजूला ठेवले, तर ऑक्टोबरमध्येच अचूक वाचता आली असती अशी एखादी अलीकडची अदलाबदल आहे का?

---

सहावा गडी यांचे उत्तर:

आहे, आणि तिच्यात एकही बडे नाव नाही. २०२४ च्या प्लेऑफमध्ये डॅलसने ओक्लाहोमा सिटीच्या जॉश गिडीला दूरवर मोकळे सोडले आणि त्याच्यावरचा आपला बचावपटू मधे गर्दी करायला पाठवला. मालिका संपण्यापूर्वीच गिडीला सुरुवातीच्या पाचांतून काढावे लागले. दुसरी उणीव होती रिबाउंडची, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू मिळवण्याची. चेट होल्मग्रेन एकटा पुरत नव्हता. दोन्ही भगदाडे सर्वांना दिसत होती, आणि ओक्लाहोमा सिटीने त्या उन्हाळ्यात नेमकी तीच दोन बुजवली. एकवीस वर्षांच्या गिडीच्या बदल्यात, सोबत एकही ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचा हक्क) न मागता, तिशीतला अ‍ॅलेक्स करुसो घेतला, आणि न्यूयॉर्ककडून आयझाया हार्टेनस्टाइनला तीन वर्षांचे ८ कोटी ७० लाख डॉलर देऊन आणले. हिशेबनीसांनी सांगितलेला नियम इथेही आडवा आला होता. हार्टेनस्टाइन न्यूयॉर्कमध्ये दोनच वर्षे होता, त्यामुळे त्यांना चार वर्षांचे मिळून सव्वासात कोटींपलीकडे जाता येत नव्हते.

वाऱ्याचा रोख यांचे म्हणणे अर्थात इथेही लागू आहे. होल्मग्रेन नोव्हेंबरमध्येच नितंबाच्या हाडाला इजा होऊन बराच काळ बाहेर राहिला. मात्र त्यातला बहुतेक काळ मधली जागा सांभाळायला हार्टेनस्टाइन होता, आणि संघाने ६८ सामने जिंकले. पुढे डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट यांनी योकिचवर करुसोला सोडले. साडेसहा फुटांपेक्षाही कमी उंचीचा तो गार्ड जवळजवळ सात फुटी योकिचच्या पुढ्यात उभा राहून त्याच्याकडे येणारा चेंडू मधल्या मध्ये अडवत होता, आणि करुसोच्या डोक्यावरून चेंडू टाकावा तर मागे दुसरे दोन हात तयारच होते. ओक्लाहोमा सिटीने तो सामना १२५-९३ असा जिंकला. गिडी संघात असता तर ती चाल सुचली तरी खेळायला माणूस नव्हता.